लवकर बाजार करा

मंडळी, दिवाळीचा बाजार कुणाला चुकला आहे? पिकाचे चार पैसे हाती आले की घरात यादी निघते. पोरांना कपडे, लेकीला साडी, रवा, मैदा, उटणे, पणत्या. यादी निघते आठ-पंधरा दिवस आधी. पण बाजाराला आपण जातो ते अगदी दिवाळी दारात आल्यावर. मग तालुक्याच्या पेठेत पाय ठेवायला जागा नसते. एस. टी. ला लोंबकळत जायचे, धक्के खायचे, दोन पैसे जास्त पडले म्हणून चरफडायचे आणि घरी येऊन म्हणायचे, “काय ती मेली गर्दी!” जणू गर्दी म्हणजे दुसरे कुणीतरी, आपण तिच्यात नव्हतोच.

काही वर्षांपूर्वी मीही असाच नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री एका कापडदुकानात शिरलो. नऊ वाजून गेले होते. आत उभे राहायलाही जागा नव्हती. माझ्यापुढे सदरे उलगडून दाखवणारा मुलगा पाहिला, तर तो माझ्याच वर्गातला निघाला. आठ दिवस तो कॉलेजात आला नव्हता आणि मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मुकाट्याने फुल्या मारीत होतो. मी विचारले, “अरे, केव्हापासून उभा आहेस?” तो हसला आणि म्हणाला, “सकाळी नऊपासून, सर. बसलेलं मालकांना चालत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, पोराचं कामात लक्ष नाही.” त्याच्या गावाची शेवटची गाडी केव्हाच निघून गेली होती. तो रात्री दुकानातच झोपणार होता. पहाटे त्याच्या घरी अभ्यंगस्नान होणार होते, ते त्याच्यावाचूनच. आणि मी? मी त्याला डझनभर सदरे उलगडायला लावले होते आणि त्यातला एकच घेतला होता.

मी इतिहासाचा मास्तर. घरी येताना मला एक जुनी हकिकत आठवली. ती आपल्या मुलखातली नाही, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातली आहे. पण ऐकाल तर म्हणाल, ही आमच्याच पेठेतली दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये मोठमोठी दुकाने उभी राहिली होती. एकाच इमारतीत कापड, टोप्या, खेळणी, भांडी, सगळे काही. वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावलेली, त्यामुळे घासाघीस नाही. तिकडचा मोठा सण नाताळ, म्हणजे २५ डिसेंबर. त्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत या दुकानांत जी झुंबड उडे ती आपल्या दिवाळीसारखीच. पण गिऱ्हाइकांच्या पलीकडल्या बाजूला कोण उभे होते? बहुतेक गरीब घरच्या तरुण मुली. त्यांच्या जोडीला लहान पोरे. विक्री झाली की पैसे आणि वस्तू घेऊन खजिनदाराकडे धावायचे, मोड घेऊन परत धावायचे, हे या पोरांचे काम. नाताळ जवळ आला की दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहत, आणि या जादा तासांचा पैसा पुष्कळ ठिकाणी मिळत नसे. उशीर झाला की दंड मात्र होई.

आता गंमत पाहा. दुकानातल्या बायकांना बसायला आसने असली पाहिजेत, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने १८८१ मध्येच केला होता. कायदा कागदावर राहिला. आसन नसे, आणि असले तरी त्यावर बसण्याची हिंमत कोण करणार?

१८९० मध्ये अॅलिस वुडब्रिज नावाच्या कार्यकर्तीने कामकरी स्त्रियांच्या एका संस्थेच्या वतीने या मुलींच्या हालांची माहिती गोळा करून लोकांपुढे मांडली. तुटपुंजा पगार, लांबलचक तास, दंड, बसायला जागा नाही, हे सगळे तिने सांगितले. ही माहिती जोसेफीन शॉ लोवेल या बाईंच्या मनाला लागली. या सुखवस्तू घरातल्या विधवा बाई. त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. दुकानाचा मालक त्या मुलींचे ऐकणार नाही. पण गिऱ्हाइकाचे ऐकेल. आणि गिऱ्हाईक कोण? आपणच! १८९१ मध्ये न्यूयॉर्कला ‘ग्राहक संघ’ निघाला आणि लोवेलबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या.

या संघाने एक युक्ती काढली. वाईट दुकानांची यादी छापली तर बहिष्काराचा खटला अंगावर येण्याची भीती. म्हणून त्यांनी चांगल्या दुकानांची यादी छापली. तिला नाव दिले ‘पांढरी यादी’. त्या यादीत नाव यायचे तर अटी होत्या. सारख्या कामाला सारखा पगार. अनुभवी प्रौढ स्त्रीला आठवड्याला निदान ६ डॉलर. काम सकाळी ८ ते संध्याकाळी ६, मध्ये जेवायला पाऊण तास. जादा कामाचा मोबदला. बसायला आसने, आणि त्यांवर बसण्याची मुभा. चौदा वर्षांखालचे मूल कामावर नाही. वाचायला किती साध्या अटी! पण पहिल्या यादीत आलेली दुकाने अगदी मोजकी होती.

१८९९ मध्ये अशा संघांचा मिळून राष्ट्रीय ग्राहक संघ झाला. त्याच्या सरचिटणीस झाल्या फ्लॉरेन्स केली. या बाई तडफदार. इलिनॉय राज्यात त्यांनी कारखान्यांच्या मुख्य निरीक्षक म्हणून काम केलेले, त्यामुळे लहान पोरांना राबवणे म्हणजे काय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९०३ च्या डिसेंबरात त्यांनी नाताळच्या विटंबनेवर एक लेख लिहिला. ज्या सणात लेकराचा जन्म साजरा करायचा, त्याच सणापायी दुसऱ्यांची लेकरे मध्यरात्रीपर्यंत राबवायची, हा कसला सण? असा त्यांचा रोख होता. आणि यातूनच एक हाक घरोघर गेली: नाताळची खरेदी लवकर करा. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. दिवसा जा, रात्री जाऊ नका. रात्री उशिरा सामान घरपोच मागू नका, कारण ते घेऊन येणारे पोर थंडीत कुडकुडत येते.

मंडळी, हे ध्यानात धरा. ‘लवकर बाजार करा’ ही शिकवण जिथे पहिल्याने जोमाने पसरली, तिथे तिचा हेतू स्वतःचे धक्के चुकवणे एवढाच नव्हता. फळीपलीकडे उभ्या असलेल्या पोरीचे पाय दुखतात, हा तिचा मूळ हेतू होता.

केवळ सदिच्छेने सगळे भागत नाही, हेही त्या बायांना लवकरच कळले. म्हणून त्या कायद्याकडे वळल्या. धुलाईच्या कारखान्यातल्या स्त्रियांकडून दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, हा ऑरेगॉन राज्याचा कायदा १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. त्या खटल्यासाठी माहितीचे डोंगर उपसण्याचे काम याच ग्राहक संघातल्या बायकांनी केले होते.

आता पुढली गोष्ट ऐका, म्हणजे चांगला शब्द कसा हातोहात पळवला जातो ते कळेल. ‘लवकर खरेदी करा’ हे वाक्य व्यापाऱ्यांनीही उचलले. त्यांचा हिशेब वेगळा. खरेदीचा हंगाम जितका लवकर सुरू होईल तितका तो लांबेल, आणि जितका लांबेल तितका माल खपेल. अमेरिकेत नाताळच्या खरेदीला भर येतो तो नोव्हेंबरातल्या आभारदिनापासून. १९३९ साली हा दिवस ३० नोव्हेंबरला येत होता, म्हणजे खरेदीला दिवस थोडे. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो सण आठवडाभर आधी आणला! काही राज्यांनी हे मानले, काहींनी मानले नाही, आणि एकाच देशात दोन आभारदिन झाले. अखेर १९४१ मध्ये कायदा करून नोव्हेंबरातला चौथा गुरुवार कायमचा ठरवावा लागला. आपल्याकडे दुकानदारांसाठी कुणी वसुबारस आठ दिवस अलीकडे ओढली, तर आपण काय म्हणू?

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फिया शहरात इतकी झुंबड उडू लागली की १९५० नंतरच्या काळात तिथल्या पोलिसांनी त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’, म्हणजे काळा शुक्रवार, असे वैतागून नाव दिले. रजा बंद, पाळी लांबलेली. १९६१ च्या सुमारास व्यापाऱ्यांनी ‘मोठा शुक्रवार’ असे गोजिरे नाव चालवून पाहिले, ते काही चालले नाही. पुढे त्या काळ्या नावालाच सोन्याचा मुलामा चढला. आज आपल्याकडच्या जाहिरातींतही ते नाव सवलतीचा दिवस म्हणून झळकते. पोलिसांचा वैताग कुणाच्या ध्यानीमनी नाही.

या मुलाम्याखाली काय असते ते २००८ साली दिसले. २८ नोव्हेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कजवळ एका मोठ्या दुकानाची दारे उघडण्याआधीच स्वस्ताईसाठी जमलेल्या लोटाने दार मोडले आणि आत उभा असलेला एक कामगार पायांखाली तुडवला जाऊन मेला. पुढे तिथल्या सरकारी खात्याने दुकानदारांना सूचना दिल्या: रांगा नीट लावा, कठडे घाला, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवा, नोकरांना शिकवून तयार ठेवा. शंभर वर्षांपूर्वी केलीबाई जे सांगत होत्या, त्याचीच ही सरकारी भाषा.

आता आपल्या घराकडे वळू. वुडब्रिजबाईंनी माहिती मांडली ते १८९० साल आपल्याकडेही महत्त्वाचे आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. दुकानातल्या नोकराला मात्र आणखी थांबावे लागले. मुंबई प्रांतात दुकानांच्या नोकरांसाठी पहिला कायदा झाला तो १९३९ मध्ये. त्यानंतर १९४८ चा कायदा आला. कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, दुकान बंद करण्याची वेळ, सारे त्यात होते. पण सणासुदीच्या निमित्ताने या तरतुदी काही काळ स्थगित ठेवण्याची मुभाही त्याच कायद्यात सरकारला होती. म्हणजे जेव्हा पाय सर्वांत जास्त दुखणार, नेमकी तेव्हाच छत्री मिटण्याची सोय! १९४८ च्या त्या कायद्याची जागा पुढे २०१७ च्या कायद्याने घेतली.

आणि बसण्याचे काय? केरळात कोझिकोडच्या कापडपेठेतल्या स्त्रिया पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढाकाराने एकत्र आल्या आणि ‘आम्हांला बसू द्या’ म्हणून झगडल्या. २०१८ मध्ये केरळने दुकानात बसण्याचा हक्क कायद्यात घातला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही घातला. न्यूयॉर्कचा कायदा १८८१ चा, आपला २०१८ चा. खुर्चीवर टेकायला माणसाला १३७ वर्षे वाट पाहावी लागली, असे कुणी म्हणाले तर काय उत्तर द्यावे?

शिक्षक बंधुभगिनींनो, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एक काम सांगा. आपल्या पेठेत एखाद्या दुकानी नोकराशी बोलून त्याचा एक दिवस लिहून आणायचा. किती वाजता आला, किती वाजता जेवला, बसला की नाही. चौदा वर्षांखालचे पोर फळीमागे दिसले तर तेही लिहायचे. २०१६ च्या दुरुस्तीपासून परक्याच्या दुकानात अशा मुलाला कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. इतिहास असाच गोळा होतो. वुडब्रिजबाईंनी तरी दुसरे काय केले?

आणि बाकीच्या मंडळींनी यंदा एवढेच करावे. यादी निघाली की त्याच आठवड्यात, दुपारच्या निवांत वेळी बाजार उरकावा. हाताशी पैसा उशिरा येतो, हे मला ठाऊक आहे. ज्याला जमेल त्याने तरी करावे, म्हणजे न जमणाऱ्याला शेवटच्या दिवशी जागा होईल. काय हवे ते ठरवून जावे, उगाच ठाणांचा ढीग पाडू नये. सुटे पैसे न्यावेत. आणि समोरचा पोरगा टेकलेला दिसला तर कपाळाला आठी घालू नये. उलट, “बस बाबा, सावकाश दाखव,” एवढे म्हणावे. मालकाच्या कानी ते गिऱ्हाइकाच्या तोंडून गेले पाहिजे.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या हजेरीवरच्या फुल्या मला खोडता आल्या नाहीत. पण त्यानंतर आमच्या घरचा दिवाळीचा बाजार वसुबारसेच्या आधी आणि दिवसाउजेडी होतो.