घुबडाच्या रूपातली चित्रकार

जुन्नर-आंबेगावात तिन्हीसांजेला घुबड ओरडलं की आपण म्हणतो, अपशकुन झाला. बाईला हिणवायलाही हाच शब्द वापरतात. पण रेमेदिओस वारो यांनी घुबडाला मान दिला. त्या १९०८ साली स्पेनमध्ये जन्मल्या, युद्धामुळे देशोधडीला लागल्या आणि १९४१ मध्ये मेक्सिकोला पोचल्या. स्वप्नात दिसावं तसं रंगवणाऱ्या अतिवास्तववादी चित्रकारांपैकी त्या एक. १९५७ च्या ‘पक्ष्यांची निर्मिती’ या त्यांच्या चित्रात घुबडाच्या रूपातली बाई चांदण्याच्या उजेडात पाखरं रंगवते, आणि ती जिवंत होऊन उडू लागतात. आपल्या शेतातले उंदीर खाऊन धान्य राखतं तेही घुबडच. म्हणून आम्ही आता घुबडाला पोरांना दगड मारू देत नाही, आणि कुण्या बाईला त्या नावानं हिणवूही देत नाही.