चित्र उलटायची वेळ

पडद्यावर एकामागून एक सरकणारी चित्रं, त्यांच्या जोडीने चालणारा आवाज, मध्येच एखादी चित्रफीत. धाराशिव जिल्ह्यातल्या शाळेपासून कृषी मेळाव्यापर्यंत सगळीकडे याला ‘पीपीटी’ म्हणतात, आणि तिचा जन्म १९८७ सालचा सांगतात. त्या वर्षी फोरथॉट नावाच्या लहानशा अमेरिकन कंपनीने मॅकिन्टॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट आणलं. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्या सॉफ्टवेअरचे कर्ते. काही महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. हे सगळं खरं आहे, पण ही जन्मतारीख एका सॉफ्टवेअरची झाली, त्या कलेची नव्हे. पहिल्या पॉवरपॉइंटमधून निघत ती काळी-पांढरी पानं. ती पारदर्शक कागदावर छापून घ्यायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. त्यात आवाज नव्हता, चित्रफीत नव्हती. आज ज्याला आपण पीपीटी म्हणतो तिचा जीव चित्र आणि आवाज एका वेळेत बांधण्यात आहे. त्या बांधणीचं कूळ शोधायला अमेरिकेला जावं लागत नाही. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागून राज्याची सीमा ओलांडली की थोड्याच अंतरावर बसवकल्याण लागतं. शोध तिथून सुरू करता येतो.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच राज्याच्या पोटात होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, आणि त्यांत स्वयंपाकापासून हत्तींपर्यंत सगळं. राजाच्या करमणुकीच्या प्रकरणांत त्याने ‘चित्रकथक’ नोंदवला आहे. रंगीत चित्रांच्या साथीने कथा सांगणारा तो चित्रकथक, असा त्याचा आशय. यातला ‘साथीने’ हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नुसता चित्रकार वेगळा, नुसता कथेकरी वेगळा. दोन्ही एकत्र चालवणाऱ्याला स्वतंत्र नाव द्यावं लागलं, म्हणजे ते स्वतंत्र कसब मानलं जात होतं. त्याच्याही पाचशे वर्षं आधी बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त बाजारातला यमपट्टिक रंगवला आहे. भोवती पोरांचा गराडा, डाव्या हाताशी काठ्यांवर ताणलेला पट, पटावर रेड्यावर बसलेला यम, आणि उजव्या हातात वेताची छडी. त्या छडीने तो परलोकातला एकेक प्रसंग दाखवत बोलतो आहे. लेझरचा लाल ठिपका आज नेमकं हेच काम करतो.

हे कसब प्रत्यक्षात कसं चालतं ते कुडाळजवळच्या पिंगुळीत दिसतं. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी टिकवली; परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची एक पोथी असते. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे एकच पान उलटलं की पुढचा प्रसंग समोर. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीत कथा पुढे सरकते, आणि पान कधी उलटायचं ते कथेचं वाक्य ठरवतं. वाक्य संपण्याआधी पान उलटलं तर पुढचं गुपित फुटतं. उशीर झाला तर चित्र मरून पडतं. धाराशिवकरांना ही वेळेची जाण चित्रांशिवायही ओळखीची आहे. तुळजाभवानीच्या गोंधळात नायक कथा सांगतो, साथीदार झील धरतात, आणि प्रसंग पालटला की संबळाची लय पालटते. डोळ्यांपुढे तिथे दिवटीपलीकडे फारसं काही नसतं, तरी कोणत्या शब्दाला कोणी उचलायचं याची शिस्त तीच.

यावर एक रास्त आक्षेप येईल. काचेच्या चित्रावर उजेड टाकून पडद्यावर मोठं चित्र पाडायची युक्ती युरोपातून आली. क्रिस्तियान हायगेन्सच्या नावावर ती १६५९च्या सुमारास लागते. चित्रकथीचं पान आणि प्रोजेक्टरची स्लाइड यांच्यात वंशाचा धागा कुठे आहे? यंत्रापुरता तो नाही, हे मान्यच करायला हवं. पण यंत्र इथे आल्यावर काय झालं ते पाहा. १८९२च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणात (हे दुसरं कल्याण) महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. शांबरी म्हणजे शंबरासुराची माया. दिव्याचं तंत्र परदेशी, पण काचांवर हाताने रंगवलेले प्रसंग रामायण-महाभारतातले, आणि जोडीला निवेदन, संवाद, गाणी. हलत्या चित्रांचा खेळ मुंबईत १८९६ साली आला, त्याआधीच ही मंडळी आकृतीच्या वेगवेगळ्या ठेवणींच्या काचा भरभर बदलून हालचालीचा भास करत होती. परदेशी दिव्याला मराठी माणसाने पहिल्यांदा काही जोडलं असेल तर ते बोलणं आणि गाणं. कुळकथेत मी रक्ताचा वंश शोधत नाही, कामाची रीत शोधतो. ती रीत यंत्राच्या आधीपासून इथे होती म्हणून यंत्र इतक्या सहज रुजलं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. माणसाने अंदाजाने पान उलटणं आणि यंत्राने क्षणाचाही फरक न पडू देता चित्र बदलणं, या दोन्हींना ‘जुळवणी’ हा एकच शब्द कसा लावायचा? स्लाइड आणि टेपच्या काळात हा फरक उघड दिसत असे. आधी टेपवर ‘बीप’ वाजे आणि माणूस बटण दाबून स्लाइड पुढे सरकवी. मग टेपच्या एका पट्टीवर आवाज आणि दुसरीवर ऐकू न येणारे इशारे भरू लागले. इशारा आला की प्रोजेक्टर आपोआप पुढची स्लाइड ओढी. माणूस मधून निघाला तो तिथे. फायदा मोठा झाला, कारण एकदा नीट बसवलेला कार्यक्रम शंभर गावांत तसाच दाखवता येऊ लागला. पण चित्रकथक समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून थांबत असे. टेप कोणाकडेच पाहत नव्हती. तरीही दोन्ही जुळवण्याच आहेत, असं माझं म्हणणं आहे. एक घड्याळाशी केलेली, एक ऐकणाऱ्याशी. पॉवरपॉइंटने या दोन्ही अजून शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. स्लाइड कशी बदलावी याच्या रकान्यात दोन चौकोन दिसतात: एक क्लिक केल्यावर, दुसरा ठरावीक सेकंदांनंतर. पहिला यमपट्टिकाचा, दुसरा टेपचा.

आवाज भरून चित्रफीत तयार केली की पहिला चौकोन निकामी होतो. उमरगा-लोहाऱ्याकडच्या बंजारा तांड्यावर घरी गोरमाटी बोलणारं मूल जेव्हा वर्गातल्या पडद्यावर मराठी निवेदन ऐकतं, तेव्हा घड्याळाशी केलेली ही जुळवणी त्याला मागे टाकून पुढे जाऊ शकते. इलाज साधा आहे, आणि तो जुन्या रीतीतूनच सुचतो. चित्र तेच ठेवून गोरमाटीतला आवाज वेगळा भरता येतो. चित्रकथीच्या पोथीतही चित्रं ठरलेली आणि सांगणं सांगणाऱ्याचं असतं. प्रश्न विचारल्यानंतर स्लाइडवर चार-पाच सेकंदांची शांतता मुद्दाम भरता येते. आणि चित्रफीत अधल्यामधल्या जागी थांबवायचं बटण तर शिक्षकाच्या बोटाखालीच असतं. मागच्या बाकावरचा हात वर गेला की ते दाबायचं, बोलायचं, आणि मग पान उलटायचं.