वाटाण्याचा वेल आणि सेन्सॉरची कात्री

१९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा रोखून रोज थोडेथोडे चित्रण केले. महिन्याभराची वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात उलगडली. भांडवलदाराला चलच्चित्राचे सामर्थ्य पटवण्यासाठी केलेली ही फीत भारतातील विज्ञानपटांच्या आरंभीची एक. तिला कोणाच्याही प्रमाणपत्राची गरज पडली नाही; तसा कायदाच नव्हता. तो १९१८ मध्ये झाला आणि १९२० मध्ये मुंबईत परीक्षण मंडळ बसले.

पुढची कथा मात्र केवळ कात्रीची नाही. महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, ब्रिटिश सरकारने भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक चित्रगृहाला सरकारमान्य फिती दाखवण्याची सक्ती केली. हेतू उघड युद्धप्रचाराचा होता. गंमत अशी की, स्वतंत्र भारताने ही कल्पना टाकून न देता तिला नवे प्रयोजन दिले. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या बाराव्या कलमात वैज्ञानिक चित्रपट, शैक्षणिक चित्रपट, वृत्तपट आणि माहितीपट यांना दाखवले जाण्याची पुरेशी संधी मिळावी, म्हणून चित्रगृहांना आदेश देण्याची तरतूद झाली. राज्यांच्या कायद्यांतही तशाच तरतुदी आल्या.

अशा फिती बनवणारे मुख्य खाते म्हणजे १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेले फिल्म्स डिव्हिजन. त्यांना मान्यता देणारे सल्लागार मंडळही सरकारीच. निर्माता आणि परीक्षक एकाच घरचे! चित्रगृहांना वर त्यांचे भाडेही भरावे लागे. मालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली. पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरवली. नागरिकाला माहिती मिळणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याला पूरकच आहे, असा त्यामागचा विचार होता.

तंत्रज्ञानाविषयीचा चित्रपट सरकारी सूर लावत नसेल तर काय घडते, हे लवकरच दिसले. १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतरच्या उन्मादाचा वेध घेणारा आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ २००२ मध्ये प्रमाणन मंडळापुढे आला. मंडळाने अनेक काटछाटी सुचवल्या. राजकीय नेत्यांची भाषणे वगळण्याची मागणीही त्यांत होती. पटवर्धन न्यायालयात गेले. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे चित्रपट एकही कात्री न लागता प्रदर्शनास मोकळा झाला. पुढे त्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आज पनवेलजवळच्या कोन गावातला विद्यार्थी अणुभट्टीची माहिती चित्रगृहात शोधत नाही, मोबाइलवर पाहतो. या पडद्यासाठी २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञान नियम आले. त्यांत पूर्वप्रमाणन नाही. स्ट्रीमिंग मंचाने आपल्या माहितीपटांचे वयोगटानुसार वर्गीकरण स्वतःच करायचे आणि तक्रारींसाठी त्रिस्तरीय व्यवस्था पाळायची. एखाद्याने स्वतः चढवलेली चित्रफीत मात्र वेगळ्या वर्गात मोडते. तिथे मंचावर मध्यस्थाची जबाबदारी येते. हा भेद चर्चेत नेहमी पुसला जातो.

२०२३ मध्ये या नियमांत आणखी एक भर पडली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे का, हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच सत्यशोधन कक्षाला देण्यात आला. लसीकरण असो वा अणुधोरण, त्यावरील शासकीय दाव्याची चिकित्सा करणारी चित्रफीतही त्याच्या कक्षेत येऊ शकली असती. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

१९४३ ची ती जुनी सक्तीही पुरती संपलेली नाही. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खासगी दूरचित्रवाहिन्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या विषयांसाठी रोज तीस मिनिटे राखण्यास सांगितले. विज्ञान-तंत्रज्ञान त्या विषयांत आहे. स्ट्रीमिंग मंचांना ही तत्त्वे लागू नाहीत.