मूळ धारणा (स्वतःविषयीच्या)

मूळ धारणा : माणसाच्या मनात स्वतःबद्दल घट्ट बसलेला, बहुधा कधी उघड न बोललेला आणि त्याला पुराव्याची गरजच न वाटणारा समज. ‘मी बिनकामाचा आहे’, ‘मी कुणालाच नको आहे’, ‘माझ्याच्यानं काही होणार नाही’ ही तिची नेहमी आढळणारी नकारात्मक रूपे. न्यूनगंड या आपल्या परिचयाच्या शब्दाशी तिचे नाते जवळचे आहे. मात्र न्यूनगंड ही मनाची अवस्था, तर मूळ धारणा हे एक वाक्य असते. वाक्य तपासता येते, खोडता येते, नव्याने लिहिता येते. उपचाराची सगळी भिस्त यावरच आहे.

ही संकल्पना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक (१९२१–२०२१) यांच्या बोधनिक उपचारपद्धतीतून पुढे आली. नैराश्याचे रुग्ण स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे एकाच काळ्या नजरेने पाहतात, हे त्यांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात दाखवून दिले. त्यांच्या मांडणीत विचारांचे तीन थर आहेत. मैत्रिणीने फोन उचलला नाही की ‘ती माझ्यावर रागावली’ असे झटकन मनात येते. हा वरचा थर. त्याखाली एक नियम असतो : ‘सगळ्यांच्या मनासारखं वागलं तरच माणसं टिकतात.’ आणि तळाशी ‘मी नकोशी आहे’ ही मूळ धारणा.

अशा धारणा बहुधा लहानपणी घडतात. खुद्द बेक यांचेच उदाहरण बोलके आहे. लहानपणी त्यांचा हात मोडला, जखम चिघळून जिवावर बेतले. शाळा बुडाल्यामुळे ते एक वर्ष मागे राहिले आणि आपण मठ्ठ आहोत असे त्या मुलाने मनाशी ठरवून टाकले. पुढे भावांच्या मदतीने अभ्यास भरून काढून ते बरोबरीच्या मुलांच्याही पुढे गेले, तेव्हा कुठे तो समज ढिला झाला. कुणी नुसते ‘तू हुशार आहेस’ म्हटल्याने तो गेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

धारणा एवढी चिवट का असते? कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन पडेस्की यांनी तिची तुलना पूर्वग्रहाशी केली आहे. एखाद्या जमातीविषयी आकस धरणारा माणूस त्या जमातीतला सज्जन भेटला की ‘हा अपवाद’ म्हणून त्याला बाजूला काढतो. स्वतःविषयीचा आकसही तसाच चालतो. चांगले गुण पडले तर पेपर सोपा होता. कुणी कौतुक केले तर ते भिडेखातर होते. चूक झाली की मात्र ती तत्काळ खाती जमा होते.

बदलाची सुरुवात ते वाक्य नेमके पकडण्यापासून होते. उपचारक एखादा त्रासदायक विचार घेऊन पुन्हा पुन्हा विचारतो : ‘हे खरं धरलं, तर त्याचा तुमच्याबद्दल काय अर्थ निघतो?’ चारपाच उत्तरांत तळ लागतो. मग पर्यायी धारणा लिहायची. इथे बेताने घ्यावे लागते. ‘मी नालायक’ खोडून ‘मी सर्वगुणसंपन्न’ लिहिले तर मन ते मानत नाही. मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपण प्रेम करण्याजोगे आहोत असे वाक्य घोकल्यावर कमी आत्मसन्मान असलेल्यांना उलट अधिकच वाईट वाटले. म्हणून ‘काही गोष्टी मला जमतात, काही जमत नाहीत’ यासारखे पटण्याजोगे वाक्य निवडतात.

त्यानंतर वही येते. नव्या वाक्याला दुजोरा देणारी रोजची बारीकसारीक घटना तीत नोंदवायची : शेजारणीने विश्वासाने किल्ली ठेवायला दिली, कामावर कुणी सल्ला विचारला. ‘यात काय विशेष’ असे वाटले तरी लिहायचेच, कारण नेमक्या अशाच गोष्टी जुना आकस गाळून टाकत असतो. नव्या वाक्यावर आज किती टक्के विश्वास बसतो तेही मधूनमधून मांडतात. सोबत कृतीची कसोटी हवी : मत विचारले जाण्याची वाट न पाहता बैठकीत बोलून पाहणे, एखादी गोष्ट नाकारून पाहणे. हे काम आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे असते.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे प्रवर्तक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचा आक्षेप मात्र स्वतःविषयी कोणतीही धारणा लिहिण्यावरच होता. माणसाच्या एखाद्या कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊच नयेत. ‘मी चांगला’ हेही मूल्यमापनच, आणि ते उद्याच्या अपयशाबरोबर कोसळते. त्याऐवजी स्वतःचा विनाअट स्वीकार करावा, असे त्यांचे म्हणणे. मराठीत हा विवेकनिष्ठ विचार रुजवण्यात मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत नोंदकाराला एलिस यांची भूमिका अधिक टिकाऊ वाटते, पण सुरुवात करायला बेक यांची वही सोपी पडते.

मूळ धारणेपर्यंत पोचणे प्रत्येकालाच आवश्यक असते का, याविषयी मतभेद आहेत. मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन व सहकाऱ्यांच्या १९९६च्या अभ्यासात, नैराश्याच्या ज्या रुग्णांना केवळ दैनंदिन कृती वाढवायला मदत केली, तेही संपूर्ण बोधनिक उपचार घेतलेल्यांइतकेच सुधारले.

शिवाय प्रत्येक धारणा माणसाच्या मनातच उगवलेली नसते. काही वेळा ती बाहेरून दिलेली असते. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना ‘नकुशी’ असे नाव ठेवले जाई. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींना नव्या नावाचे दाखले देण्यात आले. दिवसातून पन्नासदा ज्या शब्दाने हाक येते, तो खोटा आहे हे एखाद्या मुलीने एकटीने वहीत लिहून सिद्ध करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. शाळेत आणि घरात जुने नाव पुन्हा ओठांवर येऊ न देणे, हे काम मोठ्यांचे.