हिरव्याच्या पोटातली हळद

चेन्नईच्या मायलापुरातल्या रंगाच्या दुकानात शेड कार्डाचा पंखा उघडला की हिरव्याचीच कितीतरी पाने निघतात. दिवाणखान्याला हिरवा द्यायचा, एवढे घरात ठरले होते. बायकोची अट एकच होती, "दवाखान्यासारखा दिसायला नको." म्हणजे निळसर, गार हिरवा नको, पिवळ्याकडे झुकलेला, संध्याकाळी दिवा लागल्यावर घर जवळ घेणारा हिरवा हवा. इंग्रजीत अशा हिरव्याला 'वॉर्म ग्रीन' म्हणतात. त्याचे मराठी करायला गेलो आणि तिथेच अडलो. 'गरम हिरवा' कानाला चालत नाही. चित्रकलेच्या वर्गात 'उष्ण रंग' आणि 'शीत रंग' शिकवतात, पण घराला उष्ण हिरवा काढला असे कोणी सांगत नाही. 'उबदार' हा शब्द गोड खरा, पण ती ऊब गोधडीची, चुलीपुढची, आजीच्या कुशीतली. मे महिन्यात चाळीस अंश गाठणाऱ्या चेन्नईत भिंतीकडे ऊब कशी मागायची?

आमच्या रंगाऱ्याला हा प्रश्न पडलाच नाही. मोडक्या तमिळमध्ये मी काय म्हणतो ते त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "किळिपच्चै वेणुमा, पासिपच्चै वेणुमा?" किळि म्हणजे पोपट, पासि म्हणजे शेवाळ. पोपटी हवा की शेवाळी, एवढेच त्याला हवे होते. मराठीतही हे दोन्ही शब्द आहेत, रोजच्या वापरातले आहेत आणि दोन्ही पिवळसर हिरव्याचेच आहेत. मी मात्र इंग्रजी शब्दाचे भाषांतर शोधत बसलो होतो. त्या संध्याकाळी कोश काढून बसलो. पोपटी आणि शेवाळी पुढे राहिले. मी 'हिरवा' याच शब्दाशी थांबलो.

हिरवा आला संस्कृत 'हरित'पासून. हे हरित ज्या घरातले, तिथे पिवळा आणि हिरवा एकाच पंगतीला बसतात. 'हरि' हा शब्द पिवळसर, पिंगट, हिरवट अशा साऱ्या छटांना चालतो. इंद्राच्या घोड्यांना वेदांत 'हरी' म्हटले आहे. अमरकोशात हरि शब्दाचे अर्थ पाहावेत तर सिंह, माकड, पोपट आणि बेडूक एकत्र भेटतात. सिंहाची पिंगट आयाळ आणि पोपटाचा हिरवा पंख एकाच शब्दात मावतात, कारण त्या शब्दाने दोन रंगांमध्ये आपल्यासारखी भिंत घातलेलीच नव्हती.

याच घरातली 'हरिद्रा'. तिची प्राकृतात 'हलिद्दा' झाली आणि मराठीत 'हळद'. याच घरातले 'हिरण्य', म्हणजे सोने. पायाखालची 'हराळी' हीसुद्धा याच घरातली. हळद आणि हिरवा चुलत भावंडे आहेत, हे कळल्यावर मला लग्नघर आठवले. नवरीला हळद लागते आणि मग तिच्या हातात हिरवा चुडा भरतात. हळदीने माखलेल्या मनगटावर हिरव्या काचेची बांगडी चढते, तेव्हा व्युत्पत्तीच्या कोशातली दोन पाने जणू एकमेकांवर येतात.

या घराण्याची शाखा युरोपातही आहे. इंग्रजीतले 'यलो' आणि 'गोल्ड' त्याच मुळातून फुटलेले. ग्रीकमधला 'ख्लोरोस', म्हणजे फिकट पिवळसर हिरवा, हाही त्यांचाच भाऊ. पानातल्या हिरव्या द्रव्याला १८१७ साली पेलेतिए आणि काव्हांतू या रसायनशास्त्रज्ञांनी 'क्लोरोफिल' हे नाव दिले, ते या ख्लोरोसवरूनच. इंग्रजी 'ग्रीन' मात्र या कुळातला नाही. तो 'ग्रो' आणि 'ग्रास' यांच्या कुळातला, वाढीचा. संस्कृतने हिरव्याला नाव दिले ते सोन्याच्या, हळदीच्या उजेडाकडे बघून, इंग्रजीने मातीतून वर येणाऱ्या कोंबाकडे बघून.

तमिळ 'पच्चै'मध्ये मला या दोन्ही वाटा सापडल्या. पच्चै म्हणजे हिरवा, आणि पच्चै म्हणजे कच्चा, ताजा, न शिजलेला. हिरवी मिरची 'पच्चै मिळगाय', पण साधे न तापवलेले पाणीही 'पच्चै तण्णि'. न उकडलेल्या भाताचा तांदूळ 'पच्चरिसि'. नुकते जन्मलेले बाळ 'पच्चै कुळंदै'. धादांत खोटे ते 'पच्चै पोय'. गोंदणाला म्हणतात 'पच्चै कुत्तु', आणि आपल्या आज्यांच्या हातावरचे गोंदणही हिरवेच दिसायचे. या शहरातल्या जुन्या पच्चैयप्पा कॉलेजच्या नावात हाच शब्द आहे. पाचूला तमिळमध्ये 'पच्चैक्कल' म्हणतात, हिरवा खडा. आपली 'पाच' त्याच्या शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहावी. कानाला ती परकी वाटत नाही.

इथपर्यंत पच्चै वाढीचा, कोवळेपणाचा शब्द आहे. पण त्याच मुळाचे 'पसुम' हे रूप सोन्याला लागते, तेव्हा 'पसुंपोन' होते, म्हणजे अस्सल, बावनकशी सोने. अक्षरशः पाहिले तर हिरवे सोने. आणि 'पसलै' म्हणजे विरहात स्त्रीच्या अंगावर चढणारा फिकट पिवळसर रंग. संगम काळच्या प्राचीन तमिळ कवितेत पसलै जागोजागी भेटते. तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथात तर तिच्यावर एक अख्खा अधिकार, म्हणजे प्रकरण, आहे, ११९वा. त्या ग्रंथाचे कर्ते तिरुवळ्ळुवर मायलापूरचे, अशी इथली परंपरा. त्यांचे देऊळही इथेच आहे. मराठीत आपण विरहाने किंवा आजाराने खंगलेल्या मुलीला 'पिवळी पडली' म्हणतो. तमिळ कवी त्याच रंगासाठी हिरव्याच्या मुळातला शब्द वापरतो.

तेलुगूत तर काही लपलेलेच नाही. 'पच्च' म्हणजे हिरवाही आणि पिवळाही. कोणता ते स्पष्ट करायचे असेल तर हिरव्याला 'आकुपच्च' म्हणतात, पानाचा पच्च. हळदीला म्हणतात 'पसुपु', त्याच मुळातून. बरो आणि एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात (पहिली आवृत्ती १९६१) तमिळ पच्चै, तेलुगू पच्च आणि पसुपु, कन्नड हसिरु हे सारे एकाच नोंदीत नांदतात. संस्कृतात हरित आणि हरिद्रा, तेलुगूत पच्च आणि पसुपु. दोन वेगळी भाषाकुळे, शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तरी दोघांनी हिरवा आणि हळद एकाच कुशीत घातली. शेतात पिकणारे भात ज्यांनी पाहिले त्यांना याचे नवल वाटू नये. हिरवा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो, ते बांधावर उभे राहूनही सांगता येत नाही.

शब्दांनी जे जपले, तेच रंगाऱ्यांच्या हातांनीही जपले होते. 'हरताळ' हा शब्द घ्या. आज आपण 'नियमांना हरताळ फासला' असे म्हणतो, पण हरताळ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर येत नाही. हरताळ हे पिवळेधमक खनिज, संस्कृत 'हरिताल'. वस्तू पिवळी आणि नावाची सुरुवात हरितने. त्यात गंधक आणि सोमल असतो, म्हणून ते विषारी. पोथी लिहिताना अक्षर चुकले की जुन्या पिवळसर कागदावर हरताळाचा लेप फासत. चुकलेले अक्षर झाकले जाई आणि त्यावर पुन्हा लिहिता येई. त्यावरून हरताळ फासणे म्हणजे असलेले नसल्यासारखे करणे. (संप या अर्थाचा हरताळ वेगळा. तो हाट आणि ताळा यांतून, म्हणजे बाजाराला लागलेल्या कुलुपातून आला.) हाच हरताळ चित्रकारांच्या शिंपल्यांत असे. लघुचित्रांतला हिरवा ते हरताळात नीळ मिसळून करीत. त्या चित्रातल्या हिरव्या झाडाखाली पाहिले तर आधी पिवळा सापडतो.

भिंतींचेही तसेच. एके काळी मद्रासचा चुना जगभर नावाजलेला होता. शिंपले भाजून केलेला तो चुना घोटून घोटून संगमरवरासारखा चकाकवत. आपला 'चुना' आणि तमिळ 'सुण्णांबु' यांच्या मागे एकच 'चूर्ण' आहे. या चुन्यात काय घालाल त्यावर हिरव्याचा स्वभाव ठरतो. मोरचूद घातले की निळसर, गार झाक येते. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला ती चांगली ओळखीची, कारण बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुनाच. मोरचुदाला तमिळमध्ये 'मयिल तुत्तम' म्हणतात, मोराचेच नाव, आणि मयिलवरूनच आमचे मायलापूर. हिराकस मात्र याच्या नेमकी उलट. तिचे खडे हिरवे असतात, चुन्यात कालवून भिंतीला लावले की आधी हिरवट दिसतात आणि हवा लागली की पिवळे पडतात, पार गेरूच्या वळणावर जातात. तोच हिरवा ते पिवळा प्रवास एका दिवसात भिंतीवर उमटतो.

आता दुकानात चुना नाही, मशीन आहे. पांढऱ्या रंगाच्या डब्यात वरून थेंबथेंब रंग सुटतो आणि डबा घुसळला जातो. आमचा डबा घुसळला जात असताना मी थेंब पाहत होतो. अशा डब्यांतला हिरवा बहुधा थॅलोसायनीन जातीचा असतो, म्हणजे तांब्याभोवती गुंफलेला मोठा रेणू, आणि त्याला निळ्याचा हिरवा करतात ते क्लोरीनचे अणू. क्लोरीनला हे नाव रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये दिले, त्या वायूच्या पिवळसर हिरव्या रंगावरून, म्हणजे पुन्हा त्याच ख्लोरोसवरून. आपल्या 'हिरव्या'चा हा दूरचा भाऊ भिंतीपर्यंत येऊन पोहोचलेला. पण नुसता हा हिरवा थंड, निळ्याकडे ओढणारा. त्यातच क्लोरीनच्या काही जागी ब्रोमीन बसवले की तो पिवळा होत जातो. दुकानदार मात्र त्यात पिवळा ऑक्साइड घालतो, म्हणजे आपल्या पिवडीचाच भाऊबंद, आणि शेवटी तांबड्या ऑक्साइडचा एखादा थेंब. हा तांबडा म्हणजे आपली काव, आणि तमिळमध्येही 'कावि'च. देवळांच्या भिंतींवरच्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांतला तांबडा हाच. कावेच्या एका थेंबाने हिरव्याची धार बोथट होते, तो मातीवर येतो. एखादा थेंब कमीजास्त झाला तरी पोपटी शेवाळीकडे सरकतो.

निवड करताना मला उपयोगी पडले ते हेच. शेड कार्डावरची इंग्रजी नावे मी बाजूला ठेवली आणि घरातल्या वस्तूंची नावे घेतली. कैरीच्या सालीचा हवा की सोललेल्या कैरीचा? भिजवलेल्या मुगाचा की सालीसकट डाळीचा? वाळलेल्या मेंदीच्या पुडीचा? पावसाळ्यात विहिरीच्या काठावरच्या शेवाळाचा? मुगाला तमिळमध्ये 'पासिप्पयरु' म्हणतात, त्यामुळे रंगाऱ्याच्या पासिपच्चैत शेवाळही होते आणि मूगही. मी मुठीत मूग घेऊनच दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने न बोलता दोन पट्ट्या पुढे केल्या.

दोन्हींचे हात-हातभर पट्टे आम्ही दोन भिंतींवर लावून ठेवले. एक भिंत पूर्वेकडची, समुद्राच्या बाजूची. दुसरी पश्चिमेची, दुपारी तापणारी. सकाळच्या उजेडात दोन्ही पट्टे जवळजवळ सारखे दिसले. दुपारी पश्चिमेच्या उन्हात पोपटी डोळ्यांत घुसू लागला. त्यालाही कारण आहे. दिवसाच्या उजेडात माणसाच्या डोळ्याला सगळ्यात तेज दिसतो तो पिवळसर हिरवाच. म्हणूनच कार्डावर शांत वाटणारा पोपटी अख्ख्या भिंतीवर दुप्पट बोलतो. रात्री पांढऱ्या दिव्यात दोन्ही पट्टे गार पडले आणि पिवळ्या दिव्यात मुगाचा हिरवा जिवंत झाला. खाली जुनी तांबड्या ऑक्साइडची घोटलेली जमीन होती, तिच्याशी त्याचे जमले. चार दिवस पाहून मुगाचा ठरला, कार्डावरच्यापेक्षा एक पायरी फिका.

रंगाचा दुसरा हात वाळत होता तेव्हा सांगलीकडचे एक गलाईवाले ओळखीचे घरी आले. चेन्नईच्या सौकारपेठेत सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात खानापूर-आटपाडी भागातली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत; त्यांतलेच हे. भिंतीकडे पाहून ते म्हणाले, "चांदी जास्त असलेल्या सोन्यावर अशी झाक येते बघा." तांबे मिसळले की सोने तांबूस होते, चांदी मिसळली की हिरवट. मी त्यांना हिरण्य आणि हिरवा यांचे नाते सांगितले, पसुंपोनही सांगितले. ते ऐकत ऐकत भिंतीला बोट लावणार होते, पण रंग ओला म्हणून थांबले.

त्या रात्री बायकोने पिवळा दिवा लावला आणि बराच वेळ भिंतीकडे पाहत बसली. "हळद घातलीय ह्यात," ती म्हणाली. मी तिला कोशातले काहीच सांगितलेले नव्हते.