दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की कामथडीच्या बाजूला एक प्रश्न हमखास निघतो : पुण्याच्या अमुक खाजगी विद्यापीठात गुणवत्ता-शिष्यवृत्ती आहे म्हणतात, आपल्या पोराला ती मिळेल काय? विचारणारा बाप बहुधा शिरवळच्या नाहीतर खेड-शिवापूरच्या कारखान्यात कंत्राटावर असतो, आणि तिथली वर्षाची फी त्याच्या वर्षाच्या कमाईहून मोठी असते. या प्रश्नामागे पुण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो न पाहता दिलेले उत्तर ही नुसती समजूत ठरेल.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यात दक्षिणा वाटली जाई. शास्त्री-पंडितांची विद्या पारखून त्यांना मोठी रक्कम, बाकीच्या ब्राह्मणांना रमण्यात थोडीथोडकी. विद्येची पारख होई हे खरे. पण त्या पारखीला कोणी बसावे हे जन्मानेच ठरलेले असे. १८१८ नंतर इंग्रजांनी दक्षिणा एकदम मोडली नाही. तिच्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आदी सुधारकांनी या निधीतला काही भाग मराठी ग्रंथकारांना द्यावा असा अर्ज केला, तेव्हा शहरात गदारोळ उठला आणि अर्जदारांच्या रक्षणाला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. पुढे ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रानडे, भांडारकर हे त्यांतलेच. माणसे थोर, त्यात वाद नाही.

परंतु खरा सवाल टाकला तो फुल्यांनीच, १८८२ साली, हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे म्हणणे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी जे आहे त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्यांचा आशय असा : चढाओढीने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्यायाचे दिसते, पण ज्यांच्या घरी विद्येची गोडी आधीच शिरली आहे त्यांनाच ती मिळते, म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या काढाव्यात. मी कॉलेजची पायरी न चढलेला, युनियनच्या कचेरीत रात्री पुस्तके वाचलेला माणूस; शिष्यवृत्तीवर याहून नेमके काही माझ्या वाचनात आलेले नाही.

महाराष्ट्रात गरिबांची पोरे वर आली ती बहुतांशी या दुसऱ्या वाटेने. १९०१ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात मराठा वसतिगृह उघडले, पुढे इतर जातींसाठीही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात धाडले. तीही फुकट नव्हती; परतल्यावर दहा वर्षे बडोद्याच्या चाकरीचा करार होता. मुदत संपताच बाबासाहेबांना लंडनमधला अभ्यास अर्ध्यावर टाकून यावे लागले. आमच्याच रस्त्याने खंबाटकी ओलांडली की सातारा. तिथे भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढले आणि ‘कमवा व शिका’ ही रीत रुजवली. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिक दृष्ट्या मागासांना फीमाफी आली. तिच्यात पहिला येण्याची अट नव्हती. अट होती घरच्या मिळकतीची.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. जागा वाढल्या, फीही वाढली. देणगीला आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये कायदा करावा लागला. त्यामागून अभिमत आणि खाजगी विद्यापीठे आली, आणि त्यांच्याबरोबर आजची गुणवत्ता-शिष्यवृत्ती.

तिच्याकडे मी पगाराच्या कराराकडे पाहतो तसा पाहतो. मथळा मोठा असतो, खरी गोष्ट कलमांत असते. सवलत बहुधा शिकवणी-फीपुरती. वसतिगृह, खानावळ वेगळी. पूर्ण माफी मोजक्यांना. दरवर्षी ठरावीक गुण टिकवले तरच ती पुढे चालू, आणि पहिल्याच वर्षी इंग्रजीत धडपडणाऱ्या खेड्यातल्या मुलाचे नेमके तिथेच घसरते. निवड होते प्रवेश-परीक्षेच्या गुणांवर. ते गुण दोन वर्षांच्या महागड्या क्लासमधून येतात. रमण्याचे दार आता जातीने नव्हे, पैशाने अडते.

बापांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. राजर्षी शाहूंच्या नावाची सरकारी शुल्क-शिष्यवृत्ती आणि २०२४ पासून आठ लाखांपर्यंत मिळकतीच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी संपूर्ण फीमाफी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांना लागू नाही. तेव्हा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला आधी. विद्यापीठाच्या पत्रात तीस टक्के माफी लिहिली असेल, तर उरलेले सत्तर टक्के, अधिक खोली, अधिक जेवण, गुणिले चार वर्षे, एवढा हिशेब कागदावर मांडावा आणि मगच सही करावी.