ध्वनिमुद्रण : मेणापासून संगणकापर्यंत



लिहिण्याची कला माणसाला हजारो वर्षांपूर्वी साधली. पण गळ्यातून निघालेला सूर धरून ठेवण्याची युक्ती मात्र अलीकडची. १८७७ साली अमेरिकेत एडिसनने कथलाच्या पातळ वर्खावर सुईने आवाजाच्या खुणा उमटवल्या आणि त्याच खुणांवरून सुई फिरवून तो आवाज परत ऐकवला. दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडी काढली आणि तिच्यामागोमाग ग्रामोफोन जगभर पसरला.

आपल्याकडे तबकडीसाठी मुद्रण १९०२ साली सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या वेळची तऱ्हा अशी : गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरायची. चुकले तर खोडायची सोय नाही. चकती बदलून पहिल्यापासून आरंभ! शिवाय वेळ सुमारे तीनच मिनिटांचा. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात कसा बसावा? काही कलावंतांनी तो मोठ्या कौशल्याने बसवला. काहींचे गाणे मात्र राहूनच गेले. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. देशात तबकड्यांचे मुद्रण सुरू होऊन वीस वर्षे झाली होती. तरी बुवांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्यापाशी नाही. राहिल्या त्या आठवणी.

१९२५ च्या सुमारास कर्णा गेला आणि मायक्रोफोन आला. १९३५ साली जर्मनीत फितीवर ध्वनी घेणारे यंत्र लोकांपुढे मांडले गेले. ही फीत म्हणजे मोठीच सुधारणा. ती पुष्कळ वेळ चाले. नको तो भाग पात्याने कापून टोके चिकटवताही येत. पण सुरुवातीला यंत्रे महाग, म्हणून ती बहुतेक स्टुडिओतच राहिली.

मग संगणक आला. तो रेघ कोरत नाही, मोजतो. सीडीच्या पद्धतीत सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजून तिचे आकडे लिहून ठेवतात. ते आकडे पडद्यावर लाटेसारखे दिसतात. गळा एका पट्टीवर, पेटी दुसरीवर, तबला तिसरीवर. प्रत्येकाचा आवाज निराळा कमी-जास्त करता येतो. कापलेला तुकडा पुन्हा जागेवर ठेवता येतो. १९९१ साली निघालेले ‘प्रो टूल्स’ धंदेवाईक स्टुडिओंसाठी होते. पण २००० साली ‘ऑडासिटी’ हे सॉफ्टवेअर निघाले, ते फुकट. शाळेतल्या साध्या संगणकावरही ते चालते.

आता यातली मेख पाहा. पूर्वी काय राहील आणि काय जाईल हे यंत्र ठरवी. आज ते आपण ठरवतो. पडद्यावर खोकला पुसता येतो, तसाच गाणाऱ्या बाईचा हुंदकाही पुसता येतो. जात्याची घरघर ‘गोंगाट’ म्हणून काढून टाकली, तर ओवी उरेल. पण ती जिच्या तालावर चालली होती ती घरघर जाईल. म्हणून पहिले मुद्रण जसेच्या तसे निराळे ठेवावे आणि कापाकापी त्याच्या नकलेवर करावी. सोबत गाणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. आणि हो, आधी तिची परवानगी घ्यावी.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे त्यांतल्या कित्येक गाणाऱ्या बायांच्याच आवाजात मुद्रितही झाल्या. पण गावोगावी अजून किती उरले आहे! गोंधळ्यांची कवने, भलरी, वासुदेवाची गाणी. पीठ गिरणीवर दळून येऊ लागले, तशी जात्यावरची ओवी थांबली. ती आता आहे म्हाताऱ्या माणसांच्या ओठांवर.

बखलेबुवांच्या काळी कर्णा शहरात होता आणि मेण महाग होते. आज यंत्र आपल्या खिशात आहे. गुरुजी, सातवीच्या मुलांना एवढेच सांगा : घरच्या आजीला चार ओव्या म्हणायला लावा, आणि मोबाइल जरा तिच्याजवळ धरा. आता सबब राहिलेली नाही.